दादाचं रक्त

रक्त जुळत नाही, असं सुभेदार जयसिंगांनी सांगितलं तेव्हा श्रीकृष्णराव धारकर त्यांच्यापुढे पेढ्यांची बशी धरून उभे होते.

पेढे कशाला, असं श्रीकृष्णरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी सकाळीच म्हटलं होतं. भावाची हाडं पंचेचाळीस वर्षांनी बर्फातून निघाली, ही काय पेढे वाटायची गोष्ट झाली? पण भूषण, त्यांचा मुलगा, म्हणाला की फौजेतला माणूस घरी येतोय, सन्मानाची बातमी घेऊन येतोय, तोंड गोड करायला नको का? श्रीकृष्णरावांना ते पटलं. गेला महिनाभर त्यांना असल्या गोष्टी फार चटकन पटत होत्या. झाशीत ओरछा गेटच्या त्यांच्या गल्लीत लोक थांबून नमस्कार करत होते. रेल्वेत उभा जन्म गार्डाच्या डब्यात, म्हणजे गाडीच्या शेवटी काढलेल्या माणसाला एकदम सगळ्यांच्या पुढे आणून बसवलं की जे होतं तेच त्यांचं झालं होतं. हिंदी पेपरात त्यांचा फोटो आला होता, डोळ्यांना रुमाल लावलेला. रुमाल लावा, असं फोटोवाल्यानंच सांगितलं होतं, पण ते वाचणाऱ्याला कुठं ठाऊक?

सुभेदारांनी पेढा घेतला नाही. बशी श्रीकृष्णरावांच्या हातात तशीच राहिली.

जयसिंग मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी हळूहळू समजावून सांगितलं. डोंगरात कडा कोसळून गाडली गेलेली ती तुकडी यंदाच्या उन्हाळ्यात बर्फ मागे हटलं तशी एकेक करून सापडली. बाकीच्यांची ओळख पटली, कुणाच्या मुलाच्या रक्तावरून, कुणाच्या बहिणीच्या. त्यांच्या पेट्या आपापल्या गावी पोचल्यासुद्धा. आता एक देह उरला आणि नावांतही एकच नाव उरलं, रामकृष्ण धारकर. उघड आहे म्हणाल तर उघड आहे. पण अंदाजानं फौज कुणाचा देह कुणाच्या हवाली करत नाही. श्रीकृष्णरावांचं रक्त आणि ते हाड यांच्यात लांबच्या नात्याचीही खूण सापडली नव्हती. असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात तिथेच, डोंगराच्या पायथ्याशी, अनोळखी जवान म्हणून अग्नी देतील.

"सलामी पूरी होगी, इज़्ज़त में कमी नहीं रहेगी," जयसिंग म्हणाले. "बस, नाम नहीं होगा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बकुळ बसली होती. श्रीकृष्णरावांची ही धाकटी बहीण सन्मानासाठी म्हणून ग्वाल्हेरहून आली होती, दोन भरजरी साड्या घेऊन. तिनं डोळ्यांना पदर लावला. आठवड्यापूर्वी त्या देहाच्या पायातल्या लोकरी मोज्याचा फोटो पाहून हीच म्हणाली होती की हा माईनं विणलेला. त्यांच्या आईनं, माईनं, आयुष्यात लोकर हातात धरलेली कुणी पाहिली नव्हती, पण तेव्हा तेही सगळ्यांना पटलं होतं.

"एक बार फिर पूछ लेता हूँ, बुरा न मानें," जयसिंग म्हणाले. "सगे भाई थे न आप?"

"सगे, जी," श्रीकृष्णराव म्हणाले. "एक ही माँ-बाप के."

आता खरी गोम अशी की हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे वडील नानासाहेब भुसावळहून बदलून झाशीला आले तेव्हा लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. बबिन्याच्या छावणीतला एक मराठी हवालदार त्यांचा स्नेही. तो आणि त्याची बायको पाठोपाठ गेले, मागे रांगतं पोर उरलं आणि त्याला विचारायला दूरचंसुद्धा कुणी आलं नाही. नानासाहेबांनी होम करून ते पोर रीतसर मांडीवर घेतलं, रामकृष्ण नाव ठेवलं. पुढे देवाला उशिरानं आठवण झाली आणि श्रीकृष्ण झाला, मग बकुळ झाली. पण थोरला तो थोरला. घरात नानासाहेबांचा एकच कायदा होता, दत्तक हा शब्द काढायचा नाही. ते म्हणायचे, या गावात गोऱ्यांनी दत्तकाला परकं म्हटलं आणि राज्य गिळलं, तेव्हा झाशीचं पाणी पिऊन जो तसं म्हणेल तो गोऱ्यांच्या अवलादीचा. लहानपणी एकदा भांडणात श्रीकृष्णानं दादाला 'आणलेला' म्हटलं, तर नानासाहेबांनी असं थोबाडलं होतं की तो शब्द पुन्हा जिभेवर तर नाहीच, मनातही आला नाही. म्हणून छावणीच्या दवाखान्यात बाही वर करून रक्त देताना आपलं काही चुकतंय असं श्रीकृष्णरावांना वाटलं नव्हतं. सगळं घर ती गोष्ट विसरलं होतं, फक्त रक्ताला विसरता येत नव्हतं.

सावित्रीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या त्या दादा गेल्यानंतर, त्यामुळे नानासाहेबांचा कायदा त्यांना कुणी शिकवला नव्हता. सासूनं एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, तेवढंच.

"गोद लिए हुए थे जेठजी," त्या म्हणाल्या आणि ट्रे खाली ठेवला.

जयसिंगांनी एकदा श्रीकृष्णरावांकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं की मग जन्मदात्या घरचं कुणी आहे का. कुणी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "औलाद? काग़ज़ में तो आपने लिखवाया है, कोई नहीं."

श्रीकृष्णरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी बकुळ म्हणाली, "नहीं है, भैया."

"बेटी है, आभा," सावित्रीबाई म्हणाल्या. "मऊरानीपुर में."

जयसिंगांचा चेहरा खुलला. साध्या माणसाला साधी गोष्ट कळली की होतो तसा. "फिर दिक़्क़त क्या है? यहीं तो है मऊ. बुला लीजिए."

ते चहा घेऊन गेले. जाताना श्रीकृष्णरावांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, वयानुसार होतं असं, माणूस विसरतो. श्रीकृष्णरावांना लाज वाटली. कानांच्या पाळ्या तापल्या, आणि सत्तराव्या वर्षी थोबाडीत बसल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की मारणारे नानासाहेब आता नव्हते.

दार लागलं तशी बकुळ उसळली.

"हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस, अण्णा. आणि वहिनी, तुम्हाला परक्यासमोर बोलायची काय गरज होती?"

"परका तो एकटाच खरं ऐकायला आला होता, वन्सं," सावित्रीबाई म्हणाल्या.

मग तासभर घरात जे चाललं ते आपलेच दात आणि आपलेच ओठ या जातीचं होतं. भूषणनं गल्लीच्या तोंडाला लावायचा फलक छापून आणला होता, नगरसेवकाकडून गल्लीला काकाचं नाव द्यायचं कबूल करून घेतलं होतं. त्यामुळे तो आधी आत्याच्या बाजूनं होता, मग अनोळखी जवान हे शब्द आठवले तसा आईच्या बाजूला सरकला. पण हिशेबाची गोष्ट पहिली त्याच्याच ध्यानात आली. तो रेल्वेच्या कार्यालयात बसणारा, मराठी कळणारा पण बोलताना हिंदीत घसरणारा. म्हणाला, "बाबा, एक बात समझो. आभा का ख़ून त्या हाडाशी जुळलं, तर काका सापडले. पण मग ती काकांची मुलगी आहे हेही साबित झालं. दोनों एक साथ."

"म्हणजे माई खोटी ठरली," बकुळ म्हणाली. "मेलेल्या आईला आता तुम्ही प्रयोगशाळेत उभी करणार."

श्रीकृष्णराव दिवाणावर बसून होते. माई खोटी होती हे त्यांना आज कळत नव्हतं. तेव्हाही कळलं असतं, जर त्यांनी कळू दिलं असतं.

दादा डोंगरात गडप झाल्याची तार आली तेव्हा सुनीतावहिनीला दिवस गेलेले होते. किती, यावरून घर फाटलं. दादा रजेवर येऊन गेला त्याला फार दिवस झाले होते. वहिनी सांगत होती की मधे त्यांची पलटण झाशीवरून गेली, गाडी रात्रभर यार्डात अडकली, आणि ते साहेबाला विचारून घरी आले, पहाटे परत गेले. त्या रात्री माई बकुळला घेऊन उज्जैनला गेलेली, नानासाहेब ड्यूटीवर, श्रीकृष्ण ट्रेनिंगला. बघणारं कुणी नव्हतं. माईनं बोटं मोजली आणि माजघरात सगळ्यांदेखत सांगितलं, हे आमचं रक्त नव्हे. ज्या घरात थोरला मुलगाच रक्ताचा नव्हता त्या घरात हे वाक्य कुणाला टोचलं नाही. गोऱ्यांना उठता-बसता शिव्या घालणारे नानासाहेब माईपुढे मात्र पेपरात तोंड घालून बसले.

वहिनीला माहेरी पोचवायचं काम श्रीकृष्णाकडे आलं. ट्रंक डोक्यावर घेऊन त्यानं तिला मऊरानीपुरला तिच्या भावाच्या दारात उभी केली. भाऊ शाळामास्तर, बिचारा चहाला थांबा म्हणाला. गाडी चुकेल, असं सांगून श्रीकृष्ण वळला. गाडी संध्याकाळी होती, तोवर तो स्टेशनवर बसून राहिला.

पुढे मुलगी झाल्याचं कळलं. आभा नाव ठेवल्याचं कळलं. मामानं तिचं लग्न लावून दिलं, मंडीत नवऱ्याची आढत, म्हणजे मालाची दलाली आहे, हेही कळलं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्याचं कळलं, तेही तेरावा उरकल्यावर. सगळं कळत होतं. त्या मार्गावर श्रीकृष्णरावांनी वर्षानुवर्षं गाड्या नेल्या, मऊरानीपुरच्या फलाटावर गार्डाच्या डब्यातून हिरवी झेंडी हलवली, आणि गाडी पुढे निघाली की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं. एकदाही ते तिथे उतरले नव्हते.

"अहो," सावित्रीबाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मी येते. नाही गेलात तर मी एकटी जाते."

"माईच्या नावाला बट्टा लागेल," बकुळ पुन्हा म्हणाली, पण आता तिचा आवाज पडला होता.

"दादाला तर नावच उरणार नाही, बकुळ," श्रीकृष्णराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते बसनं निघाले. रेल्वेचा पास असताना बस कशाला, असं सावित्रीबाईंनी विचारलं नाही.

मऊरानीपुरच्या मंडीत भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागले होते. ट्रॅक्टर उलटे होत होते, धूळ उडत होती, बुंदेलीत भावाची हुज्जत चालली होती. आढतीच्या गादीवर पंचेचाळिशीची बाई बसलेली होती, चष्मा कपाळावर चढवून, तळहातावर शेंगा फोडून दाणा बघत. तोंडावळा वहिनीचा. दादाचं काही दिसतंय का म्हणून श्रीकृष्णराव तिच्याकडे निरखून बघायला लागले, आणि मग त्यांची त्यांनाच शरम वाटली. इतक्या वर्षांनीही तपासणीच चालली होती.

"आइए जी, बैठिए," ती म्हणाली. "माल लाए हैं कि भाव पूछना है?"

त्यांनी नाव सांगितलं. तिच्या हातातली शेंग फुटायची थांबली, मग फुटली. तिनं दाणे बाजूला टाकले, हात झटकले आणि गड्याला पाणी आणि गूळ आणायला सांगितलं.

श्रीकृष्णराव मराठीत बोलायला लागले आणि मध्येच अडखळले की हिला कळत असेल ना. तिनं ते ओळखलं. म्हणाली, मराठी समजते. आई मराठीच बोलायची. पण आईशिवाय बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तोंडात बसली नाही. हे सगळं तिनं हिंदीत सांगितलं, आणि तक्रार म्हणून नाही, मालाचा भाव सांगावा तसं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बर्फ, देह, न जुळलेलं रक्त, दादाचं दत्तक असणं. येताना बसमध्ये त्यांनी मनाशी ठरवलं होतं की ती रडेल तर काय बोलायचं, ओरडेल तर काय बोलायचं. ती यातलं काही करेना. शेवटी त्यांनी सांगितलं की तिनं रक्त दिलं नाही तर दादा बिननावाचा जळेल.

"मैं तो गई थी," आभा म्हणाली.

त्यांना कळलं नाही.

"अख़बार में आपका फ़ोटो देखा, उसी हफ़्ते. झाँसी गई, छावनी में पूछा. एक बाबूजी ने देखकर बताया कि घरवालों ने लिखवाया है, कोई औलाद नहीं. अब मैं फाटक पर खड़े होकर किससे लड़ती? लौट आई."

श्रीकृष्णरावांना तो दिवस आठवला. टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं होतं, पत्नी? नहीं रहीं. औलाद? नहीं. एका दमात दोन्ही उत्तरं दिली होती, आणि दुसरं देताना पहिल्यापेक्षा जड गेलं नव्हतं. माईनं तरी बोटं मोजली होती. त्यांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

शेजारी सावित्रीबाई रडायला लागल्या. आभा गादीवरून उठली, पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि चाचपडत मराठीत म्हणाली, "काकू, पाणी घ्या तुम्ही." मग श्रीकृष्णरावांकडे वळून ती पुन्हा हिंदीत बोलायला लागली. त्यांना तिनं कुठल्याच नात्यानं हाक मारली नाही.

"ख़ून दे दूँगी. लेकिन मिल गया तो पिताजी यहाँ आएँगे, मेरे घर. ओरछा गेट नहीं."

"अगं, ते घर त्याचंही होतं," ते म्हणून गेले. "नानासाहेबांनी त्याला कधी..."

"उस घर ने मेरी माँ से कहा था, हमारा ख़ून नहीं है. अब आप ख़ुद बता रहे हैं, पिताजी भी नहीं थे. तो फिर बाप-बेटी का वहाँ क्या काम?"

हिशेब चोख होता. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दादा झाशीला येणार नाही, नानासाहेबांच्या उंबऱ्यावर त्याची पेटी टेकणार नाही, ज्या गल्लीत तो गोट्या खेळला तिथून त्याची शेवटची मिरवणूक निघणार नाही. श्रीकृष्णरावांना महिनाभर जे जे डोळ्यांपुढे दिसत होतं ते सगळं या एका वाक्यात गेलं. दादावर त्यांचा जीव होता, खरंच होता. पण त्या जिवाचा दादाच्या बायकोला काय उपयोग झाला?

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. "आमचं चुकलं, पोरी."

"बड़े हैं आप, हाथ मत जोड़िए," आभा म्हणाली. "मंडी है, लोग देख रहे हैं."

एक शेतकरी पोतं घेऊन आला तशी ती चष्मा खाली ओढून त्याच्याशी बोलायला लागली. सावित्रीबाईंनी पेला खाली ठेवला आणि दोघं उठली. मागून तिनं इतकंच सांगितलं की सोमवारी छावणीत येईन, तुम्ही तिथे यायची गरज नाही.

रक्त जुळलं. जयसिंगांनी फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं, "मिल गया, बाबूजी. बेटी उन्हीं की है, रत्ती भर शक नहीं." त्या भल्या माणसाला आपण एका फोनात किती गोष्टी बोललो याचा पत्ता नव्हता. श्रीकृष्णरावांनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि घरात सांगितलं. बकुळ माजघरात गेली. माईच्या तसबिरीला रोज हार घालणारी तीच, पण त्या दिवशी फुलं टोपलीतच सुकली. संध्याकाळी ती ग्वाल्हेरला जायची बॅग भरायला लागली. इस्त्री केलेल्या भरजरी साड्या तिनं घडी न मोडता परत ठेवल्या. "अण्णा, मी अंत्यविधीला नाही येत," ती म्हणाली. "त्या मुलीला तोंड कुठलं दाखवू? मी उज्जैनहून आले तेव्हा वहिनीनं मला सांगितलं होतं की तुझा दादा येऊन गेला. मी लहान नव्हते."

श्रीकृष्णरावांनी तिला थांबवलं नाही. रागही आला नाही. आपल्यापेक्षा हिचं थोडं अधिक चुकलं, असा विचार क्षणभर मनात आला, आणि आपण अजूनही कुणाचं किती चुकलं तेच मोजतोय हे पाहून त्यांना स्वतःची किळस आली.

भूषणला मात्र अजून आशा होती. त्यानं रस्ता काढला. फौजेचा ट्रक बबिन्याहून निघून झाशीवरूनच मऊला जाणार. मग जाता जाता ओरछा गेटवरून वळवून घेतला तर? ज़रा-सी देर थांबेल, लोक फुलं वाहतील, नगरसेवक येतील, आभाला कळायचंही कारण नाही. त्यानं एकाशी बोलणंही सुरू केलं होतं.

"ट्रक सरळ जाईल," श्रीकृष्णराव म्हणाले.

"बाबा, पूरी गली पूछेगी. काय सांगू मी लोकांना?"

"सांग, त्याच्या बायकोला आम्ही हाकललं होतं. मुलीला नाकारलं होतं. म्हणून तो इकडे येत नाही."

भूषणनं बापाकडे पाहिलं. असलं वाक्य या घरात कुणी मोठ्यानं बोललेलं त्यानं ऐकलं नव्हतं. दुपारी श्रीकृष्णराव स्वतः शिडी लावून वर चढले आणि गल्लीच्या तोंडाचा फलक उतरवला. शेजारचे कुणी शिडी धरायला आले आणि काय झालं म्हणून विचारलं. श्रीकृष्णरावांनी त्यांना सांगितलं. ऐकणाऱ्याचा हात शिडीवरून सुटला नाही.

मऊच्या सुखनई नदीच्या काठी मंडीतली सगळी माणसं आली होती. आढती, हमाल, शेंगांचे ट्रॅक्टर सोडून आलेले शेतकरी. त्या दिवशी मंडीत एकही तराजू हलला नाही. आभाचा नवरा आलेल्यांना पाणी देत फिरत होता. झाशीहूनही बरेच जण आले होते, भूषणच्या कार्यालयातले, गल्लीतले, पेपरात वाचून आलेले. जवानांनी पेटी खांद्यावरून उतरवली. दादा भला दांडगा गडी होता, श्रीकृष्णाला खांद्यावर घेऊन झाशीच्या लक्ष्मी ताल या तळ्यापर्यंत धावायचा, आणि आता चार जणांना पेटीचं ओझंसुद्धा वाटत नव्हतं. बंदुकांची सलामी झाली. काठावरची पाखरं उडाली आणि बराच वेळ परत बसली नाहीत.

अग्नी आभाच देणार होती. तिनं सावित्रीबाईंना हाताला धरून पुढे, स्वतःच्या मागेच बसवलं. श्रीकृष्णराव आपणहून लांब उभे राहिले.

पंडितजी तिथलेच, घाईत नसलेले. त्यांनी आभाच्या ओंजळीत पाणी आणि तीळ दिले आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं, रामकृष्ण. मग त्यांनी गोत्र विचारलं.

नवऱ्याचं गोत्र तिला माहीत होतं. मामाचं माहीत होतं, कारण कन्यादान मामानं केलं होतं आणि स्वतःच्याच गोत्रानं केलं होतं. बापाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असेल तर ते तिच्या लक्षात नव्हतं, किंवा आईनं सांगितलंच नसेल, जिथून काढलं तिथलं गोत्र कशाला सांगायचं म्हणून. पंडितजींनी पुन्हा विचारलं. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळायला लागलं. आभानं मान वळवून सावित्रीबाईंकडे पाहिलं आणि सावित्रीबाईंनी लांब उभ्या असलेल्या आपल्या नवऱ्याकडे.

श्रीकृष्णराव माणसांतून वाट काढत पुढे आले.

"कौंडिण्य," ते म्हणाले. पेटीकडे बघून म्हणाले, तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. या मुलीला तिच्या घराण्यातलं काही देण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तेही तिनं मागितलं नव्हतं, पंडितानं मागितलं होतं.

पंडितजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. परक्याच्या सांगण्यावर गोत्र कसं घ्यायचं? त्यांनी विचारलं, "आप कौन? मृतक के क्या लगते हैं?"

श्रीकृष्णरावांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. सगळा घाट त्यांच्याकडे बघत होता.

"झाँसी से आए हैं," आभा म्हणाली. तिची नजर ओंजळीवर होती. "ठीक बता रहे हैं, ले लीजिए."

पंडितजींनी मान हलवली, तिच्या ओंजळीत पुन्हा पाणी घातलं आणि कौंडिण्य गोत्राचा उच्चार करून मंत्र सुरू केला. श्रीकृष्णराव तिथे क्षणभर उभे राहिले, मग मागे सरकले आणि झाशीहून आलेल्या बाकीच्या माणसांत जाऊन उभे राहिले.